इंदापूरच्या दप्तरातली आपली माणसे : वंशावळ कशी शोधावी आणि ऑनलाइन सामायिक वृक्षात कशी नोंदवावी

आपल्यापैकी बहुतेकांना वडिलांचे, आजोबांचे नाव तोंडपाठ असते. पणजोबांच्या नावाशी आपण अडखळतो आणि खापरपणजोबांच्या नावाशी थांबतो. पणजीचे नाव तर घरातल्या सर्वात वयस्कर माणसालाही अनेकदा सांगता येत नाही. ज्यांच्या घरी छापील कुलवृत्तांत आहेत, ज्यांची नावे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यानपिढ्या लिहिली गेली, त्यांना ही अडचण कमी जाणवते. आपल्या पूर्वजांना त्या वह्यांत जागा नव्हती. तरीही त्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, असे मात्र नाही. ती तहसीलच्या दप्तरात, कोतवाल बुकात, शाळेच्या रजिस्टरात आणि वतनाच्या कागदात आहेत. ती शोधून एकत्र लावायचे काम आपल्याच पिढीला करावे लागेल, कारण तोंडी माहिती असलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

हा लेख इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील तरुण कार्यकर्त्यांना समोर ठेवून लिहिला आहे. पद्धत मात्र महाराष्ट्रात कुठेही वापरता येईल.

वंशावळ कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. जन्मावरून कोणी श्रेष्ठ किंवा नीच ठरत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. मग बौद्ध माणसाने कुळ का शोधावे? कुळाचा अभिमान मिरवण्यासाठी तर नाहीच. कारणे दोन आहेत.

पहिले कारण व्यवहाराचे. जातीचा दाखला आणि जात पडताळणी या दोन्हींसाठी वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक आहे. त्या तारखेपूर्वीचा, वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातील व्यक्तीचा पुरावा मागितला जातो. आपल्या घरांत इथेच गुंता होतो. १९५६ पूर्वीच्या कागदावर ‘हिंदू महार’ असते आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’. या दोन कागदांतील माणसे एकाच घरातली आहेत हे दाखवणारा पूल म्हणजे वंशावळ. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, पण त्या सवलतीपर्यंत पोहोचायलाही हा पूल लागतोच. अकरावी-बारावीच्या वर्षात धावाधाव करून कागद गोळा करणारी मुले आपण पाहतो. घरात वंशावळ तयार असती तर त्यांचे अर्धे काम आधीच झाले असते.

दुसरे कारण इतिहासाचे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. हा आकडा आपण भाषणात सांगतो. पण त्यातले आपले घर कोणते? कोणत्या आजीने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले? वंशवृक्षावर हे उघड दिसते. वरच्या फांद्यांवर सटवा, राणू, धोंडी, म्हसू अशी नावे असतात आणि एका पिढीनंतर एकदम सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, संघमित्रा येतात. ती एक पिढी म्हणजे धम्मक्रांतीचा आपल्या घरातला पुरावा आहे.

इंदापूरचे कागद जुने आहेत

इंग्रजी अमलातील जमीन पाहणीच्या इतिहासात इंदापूर तालुक्याला वेगळे स्थान आहे. प्रिंगल यांची आधीची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास नव्या पद्धतीची पाहणी याच तालुक्यात सुरू केली. १८३६ पासून येथे तीस वर्षांसाठी सारा ठरवून देण्यात आला. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, त्या व्यवस्थेची पायाभरणी इथली आहे. त्यामुळे इंदापूरच्या गावांत जमिनीच्या कागदांची साखळी बरीच मागे जाते.

त्यात आपली माणसे प्रामुख्याने वतनाच्या नोंदीत भेटतात. महार वतन एका माणसाचे नसे. ते घराण्यांत तक्षिमांनी, म्हणजे हिश्श्यांनी वाटलेले असे. कोणत्या तक्षिमेत कोण, कोणाचा वारस कोण, हे लिहून ठेवणे सरकारला गरजेचे होते, कारण राबवून घ्यायला माणूस लागे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामगिरीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्याने ही वतने संपली. कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. वतन जमिनी सरकारजमा होऊन, ठरलेली रक्कम भरल्यावर, वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या. त्या फेरवाटपाच्या आदेशांत वारसांची नावे असतात. गुलामगिरीसाठी लिहिलेला कागद आज नातवंडांच्या हक्कासाठी उपयोगी पडतो आहे, तेव्हा तो मिळवण्यात संकोच नको.

कोणता कागद कुठे मिळेल

*फेरफार (गाव नमुना ६) आणि वारस नोंदवही (६-क) :* वंशावळीसाठी सर्वात मोलाचे कागद. खातेदार मयत झाल्यावर त्याचे वारस, त्यांचे वय आणि नाते इथे लिहिले जाते. हक्कनोंदणीची पद्धत १९०३ आणि १९१३ च्या कायद्यांनी आली, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे फेरफारही सापडू शकतात. तलाठी कार्यालय आणि तहसीलचा अभिलेख कक्ष येथे अर्ज करावा. जुने स्कॅन केलेले अभिलेख शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही उपलब्ध आहेत का ते पाहावे.

*गाव नमुना १-क :* वतनाच्या व शासनाने अटींवर दिलेल्या जमिनींची यादी. गावात महार वतनाचे गट कोणते हे इथे कळते. गट कळला की फेरफाराचा माग लागतो.

*कोतवाल बुक (गाव नमुना १४) :* गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंद. यात वडिलांचे नाव आणि जात लिहिलेली असते. जमीन नसलेल्या घरांना हाच मोठा आधार. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना हीच दप्तरे बाहेर निघाली. त्याच पानांवर आपल्याही नोंदी आहेत.

*शाळेचे जनरल रजिस्टर :* जुन्या जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळांची रजिस्टरे आजच्या जिल्हा परिषद शाळांत असतात. जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली असण्याची शक्यता मोठी. ती ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे’ असे लिहून घ्यावी, खरी तारीख म्हणून नव्हे.

*कारखाना आणि नोकरीचे कागद :* नीरा डावा कालवा, त्यावरचा ऊस आणि वालचंदनगरची वसाहत यांमुळे अनेक घरे गाव सोडून कारखान्याच्या चाळीत आली. जुने सेवापुस्तक, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, रेल्वे, गिरणी किंवा लष्कराच्या पेन्शनचे कागद यांत मूळ गाव आणि वारसाचे नाव मिळते.

*धरणग्रस्तांचे कागद :* १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने भीमाकाठची गावठाणे हलली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की दिसते, पण जुना महारवाडा नकाशावरही शोधावा लागतो. अशा घरांनी भूसंपादनाचे निवाडे आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला जपून ठेवावा.

*धम्माचे कागद :* ४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची धम्मदीक्षा व विवाहाची प्रमाणपत्रे, विहाराच्या देणगीच्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाच्या पत्रिका. लग्नपत्रिकेत दोन्हीकडचे आजोबा, मामा, गाव सगळे एका पानावर असते.

कागद वाचताना

१९५० पूर्वीचे बरेच कागद मोडीत आहेत. पुण्यात शासनाच्या पुराभिलेख खात्याचे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे मोडीचे वर्ग झालेले आहेत. प्रत्येक गावातून एकाने तरी मोडी शिकावी. तोवर खालील शब्द ओळखता आले तरी बरेच काम होते.

‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ बाईच्या नावापुढे येतो आणि त्यानंतरचे नाव नवऱ्याचे असते. ‘मयत’ म्हणजे वारलेला. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, बहुधा आई किंवा चुलता. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा सहसा थोरला भाऊ असतो आणि बाकी भावांची नावे कागदावर येतच नाहीत, म्हणून एकच नाव दिसले तर बाकीचे नव्हतेच असे समजू नये. बहिणींची नावे अनेकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात असतात. तो रकाना न वाचता पुढे जाऊ नये.

सनांचीही काळजी घ्यावी. शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसली सनात ५९० मिळवले की जवळचे इसवी सन मिळते. वर्ष महिन्यांनुसार एकाने मागेपुढे होऊ शकते.

आडनावाचा घोळ सर्वात मोठा. जुन्या कागदात आडनाव नसतेच, नुसते ‘राणू बिन सटवा महार’ असे असते. पुढे एकाच घरातला एक भाऊ मूळ आडनाव लावतो, दुसरा मुंबईला जाऊन गावावरून ‘कर’ लावतो. उलट एकाच गावात कांबळे आडनावाची दोन घरे असतात आणि त्यांच्यात सोयरीक होते, म्हणजे ती भावकी नव्हे. खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. आजोबा मालोजी सकपाळ, वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. पण ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झाले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. केवळ आडनाव जुळवत गेलो असतो तर रामजी सकपाळ आणि भिवा आंबेडकर हे बापलेक आहेत हे कळले नसते. म्हणून आडनावापेक्षा बापाचे नाव, गाव आणि गट नंबर या तिन्हींचा मेळ घालावा.

ऑनलाइन सामायिक वृक्ष म्हणजे काय

कुटुंबवृक्षाच्या संकेतस्थळांचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येकाचा आपापला वेगळा वृक्ष असतो. दुसऱ्यात सर्वांचा मिळून एकच वृक्ष असतो. आपल्या पणजोबांची एकच नोंद राहते आणि त्यांची सगळी पणतवंडे तिच्यावर मिळून काम करतात. इंदापूरची एक शाखा, पिंपरी-चिंचवडची दुसरी, मुंबईची तिसरी अशा विखुरलेल्या भावकीसाठी दुसरा प्रकार सोयीचा आहे.

*विकीट्री :* २००८ पासूनचे विनामूल्य संकेतस्थळ. प्रत्येक नोंदीला आधार द्यावा लागतो आणि सदस्यांना आचारसंहिता मान्य करावी लागते. नोंदीचा क्रमांक जन्माच्या आडनावावरून बनतो, म्हणून आडनाव आधी नीट ठरवावे.

*फॅमिलीसर्च :* हेही विनामूल्य आणि फार मोठे आहे. पण ते अमेरिकेतील मॉर्मन चर्चचे आहे हे माहीत असू द्या. त्या पंथात मृत पूर्वजांच्या नावाने प्रतिनिधीमार्फत बाप्तिस्मा करण्याची प्रथा आहे. चर्चच्या नियमाप्रमाणे सदस्यांनी आपल्याच पूर्वजांची नावे द्यायची असतात. तरीही होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे अशा विधीत घेतली गेल्यावरून वाद झाला आणि १९९५ मध्ये चर्चने ज्यू संघटनांशी करार केला. ज्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांचे नाव तिथे टाकावे का, हा निर्णय घरच्यांनी विचारपूर्वक घ्यावा.

*जेनी :* २००७ मध्ये सुरू झालेले, २०१२ पासून मायहेरिटेज या कंपनीच्या मालकीचे. काही सोयींसाठी पैसे लागतात.

*ग्रॅम्प्स :* हे संकेतस्थळ नाही, आपल्या संगणकावर चालणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आधी यात सर्व माहिती भरावी, तपासावी आणि मग त्यातली निवडक माहितीच ऑनलाइन न्यावी, हा सर्वात सुरक्षित मार्ग.

नोंद करण्याची पद्धत

१. सुरुवात स्वतःपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. प्रसिद्ध पुरुषापासून खाली येऊ नका. भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपल्या आडनावाचे नाव दिसले म्हणून तो आपला पूर्वज ठरत नाही. मधल्या प्रत्येक पिढीचा पुरावा लागतो.

२. आधी वयस्कर माणसांशी बोला. मोबाइलवर आवाज नोंदवा, पण आधी परवानगी घ्या. “तुमच्या आईचे माहेर कोणते?” हा प्रश्न विसरू नका. आत्या आणि मावश्या यांना भावकीची माहिती पुरुषांपेक्षा जास्त असते, कारण लग्न जुळवताना त्यांनीच ती सांभाळलेली असते.

३. नवी नोंद उघडण्याआधी तीच व्यक्ती वृक्षात आहे का ते वेगवेगळ्या शुद्धलेखनांनी शोधा. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर पुढे त्या जोडणे त्रासाचे होते.

४. नाव कागदावर आहे तसेच घ्या. बोलीतले नाव, बदललेले नाव, टोपणनाव ‘इतर नावे’ यात लिहा. इंग्रजी लिपीत लिहावे लागले तर टिपणीत देवनागरी नाव अवश्य द्या.

५. तारीख नक्की नसेल तर ‘सुमारे’ किंवा ‘पूर्वी’ असे लिहा. “सुमारे १९१०, फेरफारात १९४५ साली वय ३५ लिहिले आहे” ही प्रामाणिक नोंद झाली. अंदाजाने घातलेली नेमकी तारीख ही खोटी नोंद झाली.

६. प्रत्येक नोंदीखाली आधार लिहा : गाव, कागदाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, कोणत्या कार्यालयात पाहिला. तोंडी माहिती असेल तर “घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले” असे लिहा. तोंडी माहिती कमी दर्जाची नसते, पण ती तोंडी आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

७. बायकांना त्यांच्या जन्माच्या नावाने आणि माहेरच्या आडनावाने स्वतंत्र नोंद द्या. पडताळणीला वडिलांची बाजू लागते म्हणून आईची बाजू गाळू नका. पाटाची बायको, दुसरे लग्न, दत्तक, आईच्या नावाने वाढलेली मुले हे सर्व जसे होते तसे ठेवा. कोणाला वगळून वृक्ष ‘स्वच्छ’ करणे म्हणजे आपल्यावर झालेला अन्याय आपणच पुढे चालवणे.

८. धम्मदीक्षेचे वर्ष आणि ठिकाण माहीत असेल तर ते जन्म-मृत्यूइतकेच ठळक लिहा.

जिवंत माणसांची माहिती

या बाबतीत तडजोड नको. विकीट्री आणि फॅमिलीसर्च या दोन्हींत हयात व्यक्तींच्या नोंदी इतरांपासून झाकलेल्या राहतात, पण त्यासाठी ती व्यक्ती हयात आहे असे आपण बरोबर नोंदवले पाहिजे. हयात व्यक्तीचे नाव तिच्या संमतीनेच टाका. जन्मतारीख, पत्ता, फोन, आधार किंवा जात प्रमाणपत्राचा फोटो कुठेही चढवू नका. आईचे माहेरचे आडनाव बँका ओळख पटवण्यासाठी विचारतात, हेही लक्षात ठेवा.

आपल्यासाठी धोका याहून मोठा आहे. शहरात घर भाड्याने घेताना, खासगी नोकरीत, आंतरजातीय विवाह केलेल्या मुलामुलींच्या बाबतीत, जात उघड झाल्याचे परिणाम काय होतात हे कोणाला सांगायला नको. जो भाऊ आपली ओळख अभिमानाने सांगतो त्याचा तो हक्क आहे. जी बहीण ती सांगत नाही, तिचाही तो हक्क आहे. तिच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेऊ नये. मयत पूर्वजांच्या नोंदीत जुन्या कागदातील जातीचा शब्द अवतरणात, आधारासह ठेवावा. हयात पिढीच्या नोंदीवर जातीचे लेबल लावण्याची गरज नाही.

ऑनलाइन वृक्ष पुरावा नव्हे

ऑनलाइन वृक्षाची छापील प्रत घेऊन पडताळणी समितीपुढे गेल्यास उपयोग होणार नाही. समिती मूळ कागदाची साक्षांकित प्रत मागते. वृक्षाचा उपयोग कोणता कागद कुठे आहे हे भावकीतल्या प्रत्येकाला कळावे यासाठी आहे. चुलत्याच्या नातवाने काढलेला १९३० चा फेरफार तुमच्या मुलीच्या अर्जाला चालतो, पण तो निघाला आहे हे तुम्हाला माहीत असेल तरच.

सामायिक वृक्षात दुसरा कोणीही बदल करू शकतो हेही विसरू नका. म्हणून वर्षातून दोनदा आपली माहिती गेडकॉम या स्वरूपात उतरवून घ्या आणि साध्या कागदावर एक प्रत काढून विहारात ठेवा. संकेतस्थळे बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात. विहाराच्या कपाटातला कागद कोणाच्या मर्जीवर नसतो.

विहारातून सुरुवात

एकट्याने हे काम कंटाळवाणे होते. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी लोक विहारात जमतातच. त्यातला एक रविवार यासाठी ठेवावा. तरुणांनी लॅपटॉप आणावा, आजी-आजोबांनी आठवणी आणाव्यात, प्रत्येक घराने एक जुना कागद आणावा. एका गावात एका वर्षावासात दहा घरांच्या चार पिढ्या लिहून झाल्या तरी पुढच्या पिढीला दाखल्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

गावच्या दप्तरात आपल्या पूर्वजांची नावे दुसऱ्यांनी, त्यांच्या सोयीने, अर्धवट लिहिली. आता लेखणी आपल्या हातात आहे. ती नावे पुरी लिहू, खरी लिहू, आणि आयांची नावेही लिहू.

जय भीम! नमो बुद्धाय!